व्हिडिओवर लिहिलेली मानसोपचाराची चिठ्ठी खोटी असते का?

‘मानसोपचारतज्ज्ञाने व्हिडिओवर दिलेली चिठ्ठी बेकायदेशीर असते.’ कोथरूडपासून हडपसरपर्यंत सोसायट्यांच्या ग्रुपवर हे वर्षानुवर्षं फिरतंय. शंका अगदीच निराधार नव्हती, कारण पूर्वी याबाबत स्पष्ट नियमच नव्हते. मार्च 2020 मध्ये देशभरासाठी टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं आली आणि नोंदणीकृत डॉक्टरला दुरून तपासून औषध लिहिण्याची मुभा मिळाली.

सरसकट नाही, बरं का. काही औषधं पहिल्या वेळी व्हिडिओवर रुग्णाला पाहिल्यावरच लिहिता येतात, काही फक्त आधी तपासलेल्या रुग्णाला. अमली पदार्थांच्या कायद्याखालची बहुतेक औषधं लिहिताच येत नाहीत. झोपेच्या काही गोळ्या त्यातच येतात. अशी गोळी नाकारली गेली की ‘ऑनलाइन काही मिळत नाही’ असा समज पसरतो, असं मला वाटतं.

पडताळणी सोपी आहे. चिठ्ठीवर डॉक्टरचा नोंदणी क्रमांक हवाच. तो राज्याच्या वैद्यकीय नोंदणीच्या संकेतस्थळावर शोधा. समुपदेशक बोलून उपचार करतात, औषध लिहीत नाहीत. त्यांनी गोळी सुचवली तर मात्र सावध व्हा. जिवाला धोका वाटत असेल तर व्हिडिओची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठा. नुसतं बोलायचं असेल तर 14416 ही मोफत सरकारी हेल्पलाइन आहे.