बाटली वीस वर्षं कपाटात ठेवली म्हणून व्हिस्की जुनी होत नाही
काकांनी वीस वर्षांपूर्वी आणलेली १२ वर्षांची स्कॉच आज ३२ वर्षांची झाली असं सांगणारे खूप भेटतात, पण तसं काही नसतं हो, व्हिस्की मुरते ती लाकडी पिंपात, काचेत गेली की वय थांबलं, ती १२ चीच. (वाइनचं वेगळं.) शिवाय लेबलवरचा आकडा म्हणजे आत मिसळलेल्यांपैकी सगळ्यात लहान व्हिस्कीचं वय. आणि चव घेऊन बघताना दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून मोठा तो भारी ठरवू नका, स्कॉटलंडच्या थंडीत पिंपातून वर्षाला साधारण २ टक्के उडून जाते, गोव्याच्या उकाड्यात त्याच्या कितीतरी पट, आणि त्याच उकाड्यामुळे आपल्याकडची कमी वर्षांतच चांगली मुरते.