तीन चमचे तेल आणि उशिरा पडणारा गिअर

ऑटोमॅटिक गाडी गिअर उशिरा टाकते, अशी तक्रार कुणी केली की ऐकणाऱ्यांकडून दोनच निदानं येतात. एक, ‘गिअरबॉक्स गेला.’ दोन, ‘काही नाही हो, सेन्सर असेल.’ पहिलं ऐकून मालक धास्तावतो, दुसरं ऐकून निर्धास्त होतो, आणि उशीर नेमका कुठे होतोय हे विचारायचं दोन्ही वेळा राहूनच जातं. मला त्या उशिरातच जास्त रस आहे. सेकंदाच्या त्या तुकड्यात गिअरबॉक्सच्या पोटात काय चालतं ते कळलं, की निदान कुठून सुरू करायचं हेही कळतं.

कोणत्या गिअरबॉक्सबद्दल बोलतोय ते आधी सांगतो. टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची ताकद तेलाच्या प्रवाहातून गिअरबॉक्सकडे पोचवणारा भाग), प्लॅनेटरी गिअर (मधल्या चाकाभोवती फिरणाऱ्या छोट्या चाकांचा संच) आणि तेलाच्या दाबावर चालणारे क्लच असलेला पारंपरिक ऑटोमॅटिक. १९४० सालच्या मॉडेलच्या ओल्डस्मोबिल गाड्यांमध्ये ‘हायड्रामॅटिक’ आला तेव्हापासून या घराण्याची यंत्रं रस्त्यावर आहेत, फक्त त्यात टॉर्क कन्व्हर्टरच्या जागी साधं फ्लुइड कपलिंग होतं. एएमटी हा प्रकार निराळा. तो मुळात मॅन्युअल गिअरबॉक्सच असतो, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम यंत्र करतं. तिथे गिअर बदलताना चाकांकडे जाणारी ताकद क्षणभर तुटतेच, त्यामुळे जाणवणारा विराम हा दोष धरू नये. सीव्हीटीमध्ये ठरावीक गिअरच नसतात, त्यामुळे तिचा विचार इथे नको.

आता तक्रार जरा फोडून पाहू. दांडा पी (पार्क) किंवा एनमधून (न्यूट्रल) डी (पुढे) किंवा आरमध्ये (मागे) टाकला आणि गाडीने पकड घ्यायला वेळ लावला, हा एक उशीर. धावत्या गाडीत पुढचा गिअर पडायची वेळ झाली तरी तो पडला नाही आणि इंजिन ओरडत राहिलं, हा दुसरा. मागचा गिअर सुटला, पुढचा लागेना, मध्येच आरपीएम उसळला आणि मग धक्का बसून गिअर लागला, हा तिसरा.

दुसरा उशीर बहुतेक वेळा निर्णयाचा असतो. गिअर कधी बदलायचा हे कॉम्प्युटर अ‍ॅक्सिलरेटर किती दाबलाय, गाडीचा वेग किती आहे, तेल किती तापलंय यावरून ठरवतो. इंजिन थंड असताना ते लवकर तापावं म्हणून तो मुद्दाम वरचा गिअर लांबवतो. पाय जोरात दाबला तरी लांबवतो. इंजिनाचाच दम कमी झाला असेल, तर चालक नकळत पाय जास्त दाबतो, कॉम्प्युटरला वाटतं याला जोर हवा आहे, आणि बिचारा गिअरबॉक्स विनाकारण बदनाम होतो. कॉम्प्युटर नसलेल्या जुन्या गाड्यांत हेच काम थ्रॉटलची केबल किंवा इंजिनाची व्हॅक्यूम नळी करायची. नळीला चीर गेली की गिअर उशिरा पडायचे, तेही आदळून.

पहिला आणि तिसरा उशीर मात्र तेलाचं प्रकरण आहे.

गिअर ‘पडतो’ म्हणजे काय होतं? आत बारीक अंतर ठेवून एकाआड एक बसवलेल्या चकत्यांचा क्लच असतो. एक चकती पोलादी, एक लायनिंगची, म्हणजे पकड घेणारा थर चढवलेली. त्यांच्या मागे कड्याच्या आकाराचा पिस्टन. पिस्टनमागे तेल भरलं की तो पुढे सरकतो, चकत्या एकमेकींवर दाबल्या जातात आणि दोन फिरते भाग एकजीव होतात. समजा पिस्टनचं क्षेत्रफळ १०० चौरस सेंटिमीटर आहे आणि तेलाचा दाब १० बार. शाळेतलं सूत्र लावा, बल म्हणजे दाब गुणिले क्षेत्रफळ. उत्तर येतं १०,००० न्यूटन, म्हणजे सुमारे एक टन वजनाचा भार. तळहाताएवढ्या जागेत!

पण हा भार लगेच पडत नाही. क्लच सुटलेला असताना चकत्या घासू नयेत म्हणून लायनिंगच्या प्रत्येक बाजूला साधारण ०.२ मिलिमीटर मोकळीक ठेवलेली असते. लायनिंगच्या चार चकत्या म्हणजे आठ बाजू, म्हणजे एकूण १.६ मिलिमीटर. स्प्रिंगला मागे रेटत पिस्टनला आधी एवढं अंतर रिकामंच कापावं लागतं. त्या प्रवासात काहीही पकडलं जात नाही, चाकांना काही मिळत नाही. त्यासाठी लागणारं तेल १०० चौरस सेंटिमीटर गुणिले १.६ मिलिमीटर, म्हणजे १६ मिलिलिटर. चहाचे जेमतेम तीन चमचे. पिस्टनकडे सेकंदाला ८० मिलिलिटर तेल येत असेल तर ही पोकळी ०.२ सेकंदात भरते. निरोगी गिअरबॉक्समध्येही हा उशीर असतोच. तो इतका छोटा असतो की आपण त्याला ‘लगेच’ म्हणतो.

लायनिंग झिजलं तर? प्रत्येक बाजू ०.०५ मिलिमीटरने झिजली, तर आठ बाजूंची मिळून मोकळीक ०.४ ने वाढते. आता १६ ऐवजी २० मिलिलिटर तेल लागेल आणि वेळ होईल ०.२५ सेकंद. फरक सेकंदाचा विसावा भाग. चालकाला तो कळणारही नाही. म्हणजे दांडा टाकल्यावर गाडी दीड-दोन सेकंद ढिम्म राहत असेल, तर नुसत्या झिजेने ते गणित जुळत नाही. तेल येतच नसलं पाहिजे, नाही तर येऊन दुसरीकडे जात असलं पाहिजे.

आता गळती धरू. पिस्टनच्या कडेचं रबरी सील कडक झालंय आणि येणाऱ्या ८० मिलिलिटरपैकी ४० निसटतात. उरले ४०, वेळ ०.४ सेकंद. गळती ६० झाली, वेळ ०.८ सेकंद. ७० झाली, १.६. ७५ झाली, ३.२ सेकंद. ८० झाली की पिस्टन कधीच पोचणार नाही. प्रत्यक्षात गळती दाबाबरोबर बदलते, हिशोब इतका सरळ राहत नाही, पण वळण हेच. गळती हळूहळू वाढत असते आणि उशीर मात्र शेवटी शेवटी एकदम उसळी घेतो. ‘कालपर्यंत गाडी ठणठणीत होती’ असं सांगणारा मालक खोटं बोलत नसतो. सील कित्येक महिने कडक होत आलेलं असतं, त्याच्या वाट्याला फक्त वळणाचा उभा भाग आलेला असतो.

त्यात कॉम्प्युटर भर घालतो. टर्बाइनचा, म्हणजे गिअरबॉक्समध्ये शिरणाऱ्या शाफ्टचा, वेग कधी बदलू लागतो यावरून तो क्लच भरायला किती वेळ लागला हे मोजतो आणि पुढच्या वेळी तेल जरा आधी किंवा जरा जास्त सोडतो. ही शिकवणी रोज चालते. त्यामुळे झीज आणि थोडी गळती चालकापासून लपून राहते. सुधारणेची मर्यादा संपली की मगच लक्षण बाहेर येतं.

तेलाचा दाटपणाही यात पडतो. जुन्या पद्धतीच्या एटीएफचा, म्हणजे या गिअरबॉक्सच्या खास तेलाचा, दाटपणा ४० अंश सेल्सिअसला जितका असतो, त्याच्या चौथा-पाचवा हिस्साच १०० अंशांला उरतो. अरुंद फटीतून होणारी गळती दाटपणाच्या व्यस्त प्रमाणात आणि फटीच्या रुंदीच्या घनाच्या प्रमाणात असते. फट दुप्पट, गळती आठपट. म्हणून व्हॉल्व्ह बॉडीच्या, म्हणजे तेल कुठल्या क्लचकडे जायचं ते ठरवणाऱ्या झडपांच्या ठोकळ्याच्या, अ‍ॅल्युमिनियमच्या भोकात धातूची झडप हजारो वेळा पुढेमागे होऊन केसाच्या जाडीपेक्षा कमी झीज झाली, तरी तापलेल्या तेलाचा दाब तिथे पडू लागतो. इथूनच एक उपयोगी फरक हाती लागतो. उशीर फक्त गाडी तापल्यावर येत असेल तर संशय झिजलेल्या पंपावर, झडपांच्या भोकांवर, सीलिंग रिंगांवर. फक्त थंडपणी येऊन नंतर जात असेल, तर कडक झालेलं रबर तापून नरम पडतंय का, फिल्टर तुंबून दाट तेल ओढलं जात नाही का, हे बघायचं. रात्रभर उभी राहिलेली गाडी पहिल्यांदाच उशीर करते आणि नंतर दिवसभर शहाण्यासारखी वागते, तेव्हा टॉर्क कन्व्हर्टरमधलं तेल रात्री ओघळून खाली उतरलं असण्याची शक्यता मोठी.

हवेचा मुद्दा वेगळा. इंजेक्शनच्या सिरिंजमध्ये पाणी भरून तोंड बोटाने बंद करा आणि दट्ट्या दाबा, हलणार नाही. हवेचा बुडबुडा ठेवून दाबा, दट्ट्या खुशाल आत जाईल. तेल कमी असलं की पंप वळणावर किंवा चढावर हवा ओढतो आणि पिस्टनमागे तेलाऐवजी फेस पोचतो. १० बार दाब चढेपर्यंत तो बुडबुडा दहाव्या हिश्श्याच्या आसपास आक्रसतो. ती जागा भरायला आणखी तेल, आणखी वेळ. गंमत अशी की तेल जास्त भरलं तरी हेच होतं, कारण गिअरबॉक्समधली फिरती दातेरी चाकं ते घुसळून फेस काढतात.

म्हणून पहिली तपासणी तेलाची पातळी, आणि ती त्या गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या पद्धतीनेच. बऱ्याच गाड्यांत तेल तापवून, इंजिन चालू ठेवून मोजतात, काहींत बंद करून. काहींना डिपस्टिकच नसते, ठरावीक तापमानाला खालचा बूच उघडून बघतात. तेल लालचं तपकिरी होणं वयाचं लक्षण आहे. काळं आणि करपट वास म्हणजे लायनिंग जळतंय. दुधट गुलाबी दिसलं तर रेडिएटरमधलं पाणी मिसळतंय, आणि मग गाडी पुढे चालवूच नये.

इथे एका पक्क्या समजुतीला हात घालायला हवा. ‘जुन्या गाडीचं गिअर ऑइल बदलू नका, बदललं की गिअरबॉक्स जातो.’ बहुतेक लोक तेल बदलतात कधी, तर गिअर घसरायला लागल्यावर. तोवर लायनिंग संपत आलेलं असतं. मग तेल बदललं, आठवड्यात गाडी बंद पडली, आणि खापर तेलावर फुटलं. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ. उलट टोकाला ‘ओता आणि विसरा’ छापाच्या बाटल्या आहेत. त्यातल्या काहींनी रबर फुगतं, त्यामुळे थोडे दिवस बरं वाटू शकतं. झिजलेलं अ‍ॅल्युमिनियम कोणत्याही बाटलीने परत उगवत नाही. बॅटरीची वायर काढून लावण्याचा तोडगाही याच जातीचा. काही गाड्यांत त्याने कॉम्प्युटरचं शिकलेलं पुसलं जातं आणि गाडी चार दिवस वेगळी वागते. गळती तिथेच.

पुढची चाचणी घड्याळाची. तेल तापलेलं, चाकांना अडसर, ब्रेक घट्ट दाबलेला, इंजिन नुसतं चालू. दांडा एनमधून डीमध्ये टाकायचा आणि गाडीने हलका हिसका देईपर्यंतचा वेळ मोजायचा. मग तसंच आरसाठी. मध्ये मिनिटभर थांबून तीन वेळा मोजून सरासरी घ्यायची. अनेक गाड्यांच्या दुरुस्ती पुस्तिकांत डीसाठी १.२ आणि आरसाठी १.५ सेकंदांची मर्यादा असते. दोन्हीकडे उशीर असेल तर दोष दोघांच्या सामाईक वाटेवर, म्हणजे पातळी, फिल्टर, पंप, मुख्य दाब. एकीकडेच असेल तर त्या एका क्लचच्या वाटेवर. इतका फुकट आणि इतकं सांगणारा प्रयोग वर्कशॉपमध्ये क्वचितच केला जातो, थेट स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती वाचणारं यंत्र, लागतो.

स्कॅनरचंही महत्त्व आहेच. तिसऱ्या गिअरचं प्रमाण १.५ असेल आणि बाहेर पडणारा शाफ्ट २,००० फेऱ्यांवर असेल, तर टर्बाइन ३,००० वर हवी. ती ३,३०० दाखवत असेल तर क्लच दहा टक्के घसरतोय. पी-०७३० हा कोड हेच सांगतो, की गिअरचं प्रमाण जुळत नाही. का जुळत नाही, हे तो सांगत नाही. त्यासाठी प्रेशर गेज लावून दाब मोजावा लागतो. दाब बरोबर असूनही क्लच धरत नसेल तरच आत उघडायची वेळ येते. तेव्हाही व्हॉल्व्ह बॉडी उतरवून एकेका क्लचच्या छिद्रात बेताच्या दाबाची हवा सोडतात. सील धड असेल तर पिस्टन ‘थप्’ करून बसतो, फाटलं असेल तर नुसती फुसफुस ऐकू येते.

सील आणि चकत्या नव्या घातल्यावर कॉम्प्युटरचं जुनं शिक्षण पुसून पुन्हा शिकवायची ठरलेली पद्धत असते, आणि ती अनेकदा राहून जाते. मग मोकळीक पुन्हा १.६ मिलिमीटर झालेली असते, पण कॉम्प्युटर गळक्या क्लचच्या हिशोबानेच तेल ओतत राहतो. पिस्टन वेळेआधी पोचून आदळतो आणि मालक दुसऱ्याच दिवशी परत येतो, आता गिअर धक्का देऊन पडतो म्हणून.