सुटी करून ठेवलेली जुनी गाडी घेताय? इसार देण्याआधी हे वाचा

"सगळे पार्ट आहेत, फक्त जोडायचं बाकी आहे." अशी गाडी विकणारा हे वाक्य म्हणतोच, आणि बहुतेकदा त्याला ते मनापासून खरंही वाटत असतं. गिऱ्हाईक व्यवहार उरकतं, खोकी टेम्पोत भरून आमच्या गॅरेजच्या दारात आणतं आणि मग विचारतं, "अंदाजे खर्च किती?" हा प्रश्न पैसे देण्याआधीचा आहे.

गाडी बघायला गेलं की नजर इंजिनावर आणि दरवाजांवर जाते. ते असतातच, एवढं धूड हरवणार कुठे! हरवतात ते काच वरखाली करण्याच्या यंत्रणेचे तुकडे, दिव्यांच्या रिंगा, बिजागरीच्या पिना, वायपरचे दांडे, काचेभोवतीच्या क्रोमच्या पट्ट्या. गाडी फोक्सवॅगन बीटल असेल तर फार बिघडत नाही. ती दोन कोटींहून जास्त बनली, २००३ पर्यंत बनत होती, पार्ट मिळतात. एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीची तर अख्खी नवी बॉडी १९८८ पासून मिळते. पण कमी खपलेल्या मॉडेलची एक पट्टी किंवा पुढची काच नसेल, तर बाकी गाडी तयार होऊन तशीच उभी राहते.

म्हणून मोजणी करा, आणि पैसे देण्याआधी करा. त्या मॉडेलचं चित्रांसहित पार्ट कॅटलॉग मिळवा. एकेक खोकं रिकामं करत प्रत्येक चित्रापुढे खूण करा: आहे, नाही, आहे पण निकामी. काम कंटाळवाणं आहे, दिवस जातो. विकणारा मोजू देत नसेल, तर "सगळे पार्ट आहेत" याला काही अर्थ नाही. भाव भंगाराचा धरून बोला.

जोडीचे पार्ट वेगळे तपासा. क्रँक म्हणजे इंजिनातला मुख्य फिरता दांडा. त्याला धरणाऱ्या बेअरिंग कॅप इंजिनाच्या ब्लॉकवर बसवून एकत्रच बोअर केलेल्या (भोक पाडलेल्या) असतात. त्यांची अदलाबदल झाली किंवा दुसऱ्या इंजिनाची कॅप आली, तर बोल्ट आवळताच क्रँक जड फिरतो, नाहीतर जाम होतो. बीटलच्या क्रँककेसचे (क्रँकभोवतीच्या कवचाचे) दोन अर्धेही असेच जोडीने बनतात. क्राऊन-पिनियनही (चाकांकडे जोर वळवणारी दातेरी चाकांची जोडी) जोडीचंच हवं. नट-बोल्टची बरणी पाहून खूश होऊ नका: आट्यांची मापं वेगवेगळी असतात. पाव इंची बोल्टला बीएसएफ या जुन्या ब्रिटिश मापात इंचाला २६ आटे, यूएनएफ या दुसऱ्या मापात २८. नुसत्या नजरेला दोन्ही सारखेच वाटतात, पण जोर लावून बसवले की आटे गेले.

बॉडीवर ताजा, चकचकीत रंग असेल तर आम्ही उलट सावध होतो. गंजका उघडा पत्रा निदान खरं बोलतो. रंगाखाली वेल्डिंग आहे की पुट्टी, ते कळत नाही. चुंबक फिरवा, जाड पुट्टीवर तो धरत नाही. खालचे सिल (दरवाजाखालच्या बॉडीच्या आडव्या पट्ट्या) बदलले असतील तर दरवाजे बिजागऱ्यांवर टांगून बघाच. आधार न देता सिल कापले, की दरवाजाची चौकट वाकते आणि फटी वरून एक, खालून दुसरीच दिसते. उघड्या टपाच्या गाडीत हे जास्त. मागच्या मालकाने काम कुठल्या टप्प्यावर सोडलं, तेही विचारा. बहुतेकदा तो गंजापाशीच थांबलेला असतो.

चासी नंबर कागदांशी स्वतः ताडून पाहा. जुळला नाही तर पुढे बोलूच नका.

आणि एक कळकळीची विनंती. गाडी घेतलीत, तर आणण्याआधी पार्ट धुऊन-पुसून "नीट लावून" आणू नका. पिशव्यांवरच्या चिठ्ठ्या, दोऱ्याने बांधलेले वॉशर, वाळलेल्या ग्रीसचा माग, यावरून कुठला तुकडा कुठला ते आम्हाला कळतं. सगळं रॉकेलमध्ये बुडवून एका घमेल्यात आलं, की निवडण्यातच आमचे दिवस जातात, आणि निवडणीची मजुरी लागते. त्यावरून कुरकुर होते, पण ते काम फुकट होण्यासारखं नाही.

फोटोंवरून आम्ही अंदाजपत्रक देत नाही. खोक्यात काय नाही, हे फोटोत दिसत नाही. त्याऐवजी व्यवहाराआधी आम्हाला सोबत न्या. कॅटलॉग आणि चुंबक आम्ही आणतो, आणि नसलेल्या पार्टची लेखी यादी देतो. त्या यादीवर भाव उतरवून घेता येतो. पाहणीची फी आगाऊ असते. गाडी पुढे आमच्याकडेच जोडायला दिलीत तर ती फी बिलातून वजा होते. "घेऊ नका" असं सांगितलं, तरी फी तेवढीच.