जखम घोट्यावर, बिघाड शिरेत

घोट्याच्या आतल्या बाजूला, हाडाच्या जरा वर झालेली जखम महिनोन्‌महिने भरत नाही. मलमं होतात, अँटिबायोटिकचे कोर्स होतात; जखम भरत आल्यासारखी वाटते आणि पुन्हा चिघळते. अशा वेळी भोवतालची कातडी बघावी. ती तपकिरी-काळपट पडली असेल, हाताला कडक लागत असेल, संध्याकाळपर्यंत पाय सुजत असेल, तर बिघाड बहुधा शिरांमध्ये, म्हणजे रक्त हृदयाकडे परत नेणाऱ्या वाहिन्यांमध्ये आहे. पायावरच्या हटवादी जखमांपैकी सुमारे ७० टक्के जखमा शिरांच्या दुखण्यातून होतात.

आपण स्थिर उभे असतो तेव्हा घोट्यापाशी शिरेतला दाब ८० ते ९० मि.मी. (पारा) असतो. हृदयापर्यंतच्या रक्ताचा सगळा भार तिथे येतो ना! चालू लागलं की पोटरीचे स्नायू शिरा पिळून रक्त वर ढकलतात, शिरांमधल्या झडपा ते परत खाली येऊ देत नाहीत आणि दाब ३० च्या आसपास उतरतो. झडपाच निकामी झाल्या, की कितीही चाला, दाब पुरेसा उतरत नाही.

हा दाब मग केशवाहिन्यांवर, म्हणजे सर्वांत बारीक रक्तवाहिन्यांवर येतो. त्यांतून तांबड्या पेशी बाहेर झिरपतात. त्यांच्यातलं लोह कातडीत साठतं, तोच तो तपकिरी रंग. पांढऱ्या पेशी तिथे अडकून पडतात आणि दाह धुमसत राहतो. त्यांच्यातून सुटणारी विकरं (एन्झाइम्स) नव्याने विणलं जाणारं ऊतींचं जाळंच तोडत राहतात. इथे निव्वळ मलम काय करणार? संसर्गाची लक्षणं नसतील तर अँटिबायोटिकनेही जखम लवकर भरत नाही.

मुख्य उपचार म्हणजे दाब देणारी पट्टी. घोट्याशी साधारण ४० मि.मी. आणि वर गुडघ्याकडे कमी होत जाणारा दाब. मात्र आधी धमन्या तपासायलाच हव्यात. घोट्यातला रक्तदाब दंडातल्या दाबाच्या ०.८ पटीहून कमी भरला तर घट्ट पट्टी पायाचं नुकसान करू शकते.

शिरेवर इलाज कधी करायचा, यावर बरीच वर्षं मतभेद होते. २००४ च्या एका ब्रिटिश चाचणीत पट्टीला शस्त्रक्रियेची जोड दिल्याने जखम लवकर भरली नाही. पण वर्षभरात ती उलटण्याचं प्रमाण २८ वरून १२ टक्क्यांवर आलं. २०१८ च्या दुसऱ्या ब्रिटिश चाचणीत पट्टी तर होतीच, शिवाय खराब शीर दोन आठवड्यांच्या आत आतूनच बंद केली. जखम भरायला लागणारा मध्यक काळ (निम्म्या रुग्णांची जखम भरेपर्यंतचा) ८२ दिवसांवरून ५६ वर आला. म्हणून जखम दोन आठवड्यांत भरायचं नाव घेत नसेल, तर मलम बदलत बसण्यापेक्षा पायाच्या शिरांची डॉपलर सोनोग्राफी करून घ्यावी.