कूतचा वेढा: पाऊस वेळेवर आला, बोटी आल्या नाहीत

पहिल्या महायुद्धात तुर्कांनी इंग्रजांच्या हिंदी फौजेला इराकमधल्या तैग्रिस नदीकाठच्या कूत-अल-अमारा गावात कोंडलं. त्या वेढ्याची हकिकत सहसा डिसेंबर १९१५ पासून सांगतात. ती वीस वर्षं मागे, हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीवरच्या चित्रालपासून सांगितलेली बरी. १८९५ च्या वसंतात चित्रालच्या किल्ल्यात सुमारे सात आठवडे अडकून पडलेल्या शिबंदीचा प्रमुख होता कॅप्टन चार्ल्स टाउनशेंड. त्याच्या सुटकेला गिलगिटहून कर्नल केली निघाला, बरोबर शीख पायोनिअर पलटणीचे जेमतेम चारशे जवान आणि दोन पहाडी तोफा. १२ हजार फुटांवरच्या शांदूर खिंडीत बर्फात खेचरं रुतायला लागली, तेव्हा जवानांनी तोफा स्वतः वाहून पार केल्या. बर्फावरच्या उन्हानं कित्येकांचे डोळे गेले काही दिवस. दक्षिणेकडून येणाऱ्या मोठ्या फौजेला पंजकोरा नदीच्या पुरानं अडवलं, पूल वाहून गेला. तिथं नवा झुलता पूल उभारणारा इंजिनिअर अधिकारी होता मेजर फेंटन एल्मर.

१९१६ साली कूतमध्ये कोंडला गेला तो हाच टाउनशेंड आणि त्याला सोडवायला निघालेल्या फौजेचा सेनापती हाच एल्मर. सुटका मोहीम म्हणजे काय, हे दोघांइतकं अनुभवानं जाणणारी माणसं त्या सैन्यात फार नसावीत.

कूतमध्ये अडकलेली सहावी डिव्हिजन म्हणजे पुणे डिव्हिजन. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी तिच्यात होत्या. नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादच्या तोंडाशी टेसिफोनला तुर्कांनी या डिव्हिजनला रोखलं. थकलेली फौज मागं हटत ३ डिसेंबरला कूतला पोचली आणि ७ तारखेला वेढा पुरा झाला. तैग्रिसनं तीन बाजूंनी वळसा घातलेलं हे गाव बचावाला ठीक होतं. पण त्यातून बाहेर पडायचं म्हटलं तर नदीचा तोच वळसा गळफास ठरायचा.

खरी मेख होती खाली बसऱ्याला. लाखभर माणसांची रसद ज्या बंदरातून जायची, तिथं समुद्री जहाजं लागतील असा धक्काच नव्हता. जहाजं पात्रात नांगर टाकून उभी राहायची, माल ‘महेला’ नावाच्या शिडाच्या होड्यांत उतरायचा आणि तिथून तो नदीच्या बोटींवर चढायचा. नदी उथळ, वळणावळणांची. दोन्ही बगलांना बार्जेस (मालाच्या सपाट होड्या) बांधलेली बोट गाळात रुतली की मागचा सगळा ताफा खोळंबायचा. कूतपर्यंतचा जलमार्ग सुमारे तीनशे मैलांचा. बोटींची संख्या गरजेच्या मानानं हास्यास्पद, आणि त्यांच्या भट्ट्यांचं इंधनही खालूनच वर न्यावं लागे. रस्ता करावा तर त्या गाळाच्या मैदानात दगड औषधालाही मिळत नाही. रेल्वेची मागणी १९१५ मध्येच झाली होती. हिंदुस्थान सरकारनं ती खर्चाच्या नावाखाली बाजूला ठेवली.

याची दुर्गंधी आधीच आली होती, शब्दशः. टेसिफोनच्या जखमींना घेऊन बोट बसऱ्याला आली, तेव्हा मेजर कार्टर या लष्करी डॉक्टरला बोटीच्या कडांवरून दोरखंड लोंबताना दिसले. जवळ गेल्यावर कळलं की ती माणसांची वाळलेली विष्ठा होती. अंग हलवता न येणारे जखमी डेकवर पडल्या जागीच मलविसर्जन करत आले होते. कार्टरनं लेखी तक्रार केली, तर वरिष्ठांनी अटकेची धमकी त्यालाच दिली.

अशा अवस्थेत जानेवारीत एल्मर निघाला. फ्रान्सहून आलेल्या पलटणी मिळतील त्या बोटीनं तुकड्यातुकड्यांनी वर पाठवल्या जात होत्या. तोफा एकीकडे, ॲम्ब्युलन्स दुसरीकडे. आणखी थांबावं, तर टाउनशेंडचे धान्य संपत आल्याचे निरोप. (जानेवारी संपता संपता गावातली घरं झडली, दडवलेलं धान्य हाती लागलं आणि मुदत एकदम ८४ दिवसांवर गेली. हा हिशेब महिनाभर आधी झाला असता तर? माझ्या मते टाउनशेंडची सर्वांत महाग पडलेली चूक हीच.)

कूतच्या वाटेवरचा तुर्कांचा हन्नाचा मोर्चा नदी आणि सुवैकिया दलदलीच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत होता. पलीकडच्या तीरावरून तोफांनी बगलेचा मारा करायचा बेत होता, पण वादळी वाऱ्यात आणि पुरात पूल तुटला, तोफा अलीकडेच राहिल्या. आणि हा पंजकोऱ्यावर पूल बांधलेला सेनापती! २१ जानेवारीचा हल्ला समोरून, उघड्या चिखलातून झाला. सुमारे २,७०० माणसं पडली. मग मुसळधार पाऊस आणि हाडं गोठवणारा वारा. जखमींना उचलायला होत्या स्प्रिंग नसलेल्या, लोखंडी पत्र्याच्या खेचरगाड्या. त्याही चिखलात रुतत होत्या. रात्रभरात कित्येक जण जखमेनं नाही, थंडीनं मेले.

मार्चमध्ये कूतजवळच्या दुजैला मोर्च्यावरचा हल्ला फसला, तेव्हा दहा-बारा हजार सैनिक बसऱ्यात नुसते बसून होते, वर न्यायला बोटी नाहीत म्हणून. एल्मरला हटवलं, त्याच्या जागी जनरल गोरिंज आला. तोवर डोंगरातलं बर्फ वितळून तैग्रिस फुगली. एप्रिलमध्ये हन्नाच्या पुढच्या सन्नैया मोर्च्यासमोर वारा फिरला की दलदलीचं पाणी खंदकांत शिरायचं आणि ऊन तापलं की मृगजळात तोफखान्याला नेम दिसेना. या साऱ्याचं खापर पुढं हवामानावर फोडलं गेलं. पण तिथं हिवाळ्यात पाऊस आणि वसंतात पूर दरवर्षीच येतो.

आत कूतमध्ये भूक विचित्र रीतीनं वाटली गेली होती. पांढऱ्या पिठाचा पाव खाणाऱ्या गोऱ्या शिपायांना बेरीबेरी (ब-१ जीवनसत्त्वाच्या अभावाचा आजार) झाला. कोंड्यासकट आटा खाणारे देशी जवान त्यातून वाचले, पण घोड्याचं मांस बहुतेकांनी नाकारल्यानं त्यांना स्कर्व्हीनं (क जीवनसत्त्वाच्या अभावाच्या आजारानं) गाठलं. हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंकडून परवानगी मागवून झाली. पण गावी परतल्यावर जातीत घेतील का, ही धास्ती तारेनं जाणारी नव्हती. एप्रिलच्या मध्याला बहुतेकांनी मांस घेतलं. तेव्हा रोजचं पीठ चार-पाच औंसांवर आलं होतं.

विमानांतून पोती टाकून पाहिली. वेढ्यातल्या फौजेला हवेतून रसद देण्याचा हा जगातला पहिला मोठा प्रयत्न. काही पोती नदीत गेली, काही तुर्कांना मिळाली. २४ एप्रिलच्या रात्री ‘जुलनार’ बोट २७० टन माल घेऊन निघाली आणि मगासीसजवळ नदीत ताणलेल्या तारदोरात अडकली. २९ तारखेला कूत शरण गेलं. सुमारे १३ हजार माणसं कैदेत गेली, बुणगे (फौजेबरोबरचे नोकरचाकर) धरून. त्यांना सोडवताना २३ हजार हताहत झाली होती.

१९१७ मध्ये या मोहिमेच्या चौकशी आयोगाचा अहवाल आला आणि भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला. तोवर बसऱ्याला धक्के झाले होते, कुर्ना ते अमारा रेल्वे धावत होती, बोटी आल्या होत्या. नवा सेनापती जनरल मॉड याची फौज निघाली तीही डिसेंबरातच (१९१६), पावसाच्या तोंडावर. २३ फेब्रुवारी १९१७ ला कूतच्या वरच्या शुमरानच्या वळणावर पुरानं फुगलेली तैग्रिस तिनं तुर्कांच्या गोळीबारात ओलांडली, आणि दिवस मावळायच्या आत पूल तयार होता.