डाव्या हाताने टाकलेला फ्री थ्रो

४ मार्च १९९०, लॉस एंजेलिस. लोयोला मेरिमाउंट युनिव्हर्सिटीचा बास्केटबॉल खेळाडू हँक गॅदर्स अॅली-ऊप पासवर, म्हणजे रिंगजवळ हवेत उंच फेकलेल्या पासवर, झेप घेऊन बॉल रिंगमध्ये कोंबतो, डिफेन्ससाठी मागे वळतो आणि काही सेकंदांत कोर्टवर कोसळतो. वय फक्त २३. आदल्या सीझनला स्कोअरिंग आणि रिबाउंड (हुकलेला बॉल पकडणं) दोन्हीत तो कॉलेज बास्केटबॉलमध्ये अख्ख्या देशात पहिला आला होता, मॅचला सरासरी ३२.७ पॉइंट्स आणि १३.७ रिबाउंड, आणि असं त्याआधी फक्त एकालाच जमलं होतं. त्याच संध्याकाळी तो गेला.

इतकं धडधाकट शरीर असं अचानक कसं थांबतं?

आपल्याला वाटतं हार्ट अटॅक, म्हणजे नळी तुंबली. पण तरुण खेळाडूंमध्ये बहुतेकदा गडबड करंटमध्ये होते. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला एक विजेची लाट सगळ्या स्नायूभर पसरते, ढोलपथकात ताशाचा इशारा सगळ्यांना एकदम कळतो ना, तसंच. आता स्नायू कुठे जाड झालाय, कुठे सुजलाय, कुठे व्रण आहे, तर ती लाट तिथे अडते, वळसा घेते, फिरून परत त्याच जागी येते. मग प्रत्येक ढोल आपापलाच वाजायला लागतो. हृदय नुसतं थरथरतं, रक्त पुढे जातच नाही, मेंदू काही सेकंदांत बंद. आणि हे जोरात धावताना जास्त होतं, कारण अॅड्रेनलिन चढलेलं असतं.

गॅदर्स डिसेंबर १९८९ मध्येही एकदा फ्री थ्रो लाइनवर, म्हणजे फाउलनंतर मिळणारा मोकळा शॉट जिथून टाकतात तिथे, कोसळला होता. ठोके अनियमित आहेत हे कळलं, प्रोप्रॅनोलॉल सुरू झालं. ही गोळी हृदयावरचा अॅड्रेनलिनचा जोर कमी करते, म्हणजे धोका कमी, पण पळणाऱ्याला पाय जड वाटतात. त्यालाही गोळीने खेळ मंदावल्यासारखं वाटलं आणि डोस कमी होत गेला. समोर एनबीए, म्हणजे अमेरिकेची व्यावसायिक लीग, दिसत असताना २३ वर्षांच्या पोराला स्वतःचं मरण खरं वाटेल तरी कसं, मला त्याचा राग येत नाही, फक्त वाईट वाटतं.

पीट मॅराविचचं तर आणखी विलक्षण. कॉलेजात तीन वर्षांत ३,६६७ पॉइंट्स, तेही लांबून टाकलेल्या बास्केटला तीन पॉइंट्स देणारी थ्री-पॉइंट लाइन नसताना, मग दहा सीझन एनबीए. ५ जानेवारी १९८८ ला पॅसाडेनात एका चर्चच्या जिममध्ये सहज खेळता खेळता गेला, ४० व्या वर्षी. पोस्टमॉर्टेममध्ये कळलं की हृदयाला रक्त देणारी डावी धमनी त्याला जन्मापासून नव्हतीच! एका उजव्या धमनीवर तो आयुष्यभर धावला होता आणि कुणालाच पत्ता नव्हता.

अमेरिकन कॉलेज खेळाडूंच्या २०१५ च्या एका अभ्यासात अशा अचानक मृत्यूचं प्रमाण वर्षाला साधारण ५४ हजारांत एक निघालं, पण पुरुष बास्केटबॉलमध्ये ९ हजारांत एक. इटलीने १९८२ पासून खेळाडूंना ईसीजी सक्तीचा केला आणि व्हेनेतो भागात हे मृत्यू ८९ टक्क्यांनी घटले. तरी सगळं काही ईसीजीत दिसत नाही, म्हणून कोर्टजवळ शॉक देणारं मशीन लागतंच, कारण छाती दाबणं आणि शॉक यांशिवाय गेलेल्या प्रत्येक मिनिटाला जगण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी कमी होते.

१२ डिसेंबर २०२० ला फ्लोरिडा युनिव्हर्सिटीचा कीऑन्टे जॉन्सनही असाच अॅली-ऊप डंकनंतर कोसळला. तो मात्र वाचला, दोन वर्षांनी कॅन्सस स्टेट युनिव्हर्सिटीकडून परत खेळला. तोच डंक, तसंच कोसळणं, आणि एक इथे आहे, एक नाही. यावर मी फार वेळा विचार करते.

गॅदर्स उजव्या हाताचा, पण फ्री थ्रो चुकायचे म्हणून शेवटच्या सीझनला डाव्या हाताने टाकायला लागला होता. तो गेल्यावर एनसीएए या कॉलेजांच्या राष्ट्रीय टूर्नामेंटमध्ये त्याचा फिलाडेल्फियापासूनचा दोस्त बो किंबल दर मॅचला आपला पहिला फ्री थ्रो डाव्या हाताने टाकायचा. चौथ्या मॅचला लोयोलाची टीम १३१-१०१ अशी हरली, पण तो पहिला बॉल त्या दिवशीही आत गेला.