प्राध्यापकाचे तारे, हवालदाराच्या फिती: मराठवाड्यातल्या एनसीसी प्रशिक्षकांची पार्श्वभूमी

निवृत्त सैनिकांना एनसीसीत प्रशिक्षक म्हणून घ्यायचं, असं 2024 च्या जुलैत केंद्राने जाहीर केलं. त्याच घोषणेत कॅडेटची संख्या तीन लाखांनी वाढवून वीस लाखांवर न्यायचंही ठरलं. मराठवाड्यातल्या कॉलेजांचं लक्ष आकड्याकडे गेलं, आणि ते साहजिकच आहे. तालुक्याच्या गावातल्या कॉलेजला एनसीसीचं युनिट मिळणं सोपं नसतं, आणि पोरांना भरतीत जादा गुण हवे असतात. खरा गुंता मात्र घोषणेच्या पहिल्या भागात आहे. कॉलेजच्या मैदानावर शिकवणारा माणूस कुठल्या सैन्याचा, त्याच्या खांद्यावरचा तारा कुठल्या कायद्याने आला, आणि एनसीसीत काढलेली वर्षं त्याच्या नोकरीला पुढे नेतात की बाजूला सारतात, हे प्रश्न शंभर वर्षं जुने आहेत. त्यांची उत्तरं दर वेळी एकाच गोष्टीवर ठरली: त्या घडीला सरकारला माणसं किती कमी पडत होती.

सुरुवातीचा भाग मराठवाड्यापुरता लवकर आटोपतो. ब्रिटिश हद्दीत 1917 पासून विद्यापीठांत लष्करी तुकड्या होत्या. 1920 च्या कायद्याने त्यांचं युनिव्हर्सिटी ट्रेनिंग कोअर झालं, 1942 मध्ये नावात 'ऑफिसर्स' हा शब्द शिरला. आवड असलेल्या प्राध्यापकांना अधिकाऱ्याचा दर्जा मिळे, कवायत घ्यायला फौजेतली माणसं येत. हे सगळं निजामाच्या हद्दीबाहेर. एनसीसीचा कायदा 1948 च्या एप्रिलमधला, संघटना उभी राहिली ती जुलैत. तेव्हा औरंगाबाद, नांदेड, परभणी, बीड आणि उस्मानाबाद हे जिल्हे हैदराबाद संस्थानात होते, आणि इथली कॉलेजच्या वयाची पोरं बार्शी-उमरखेडच्या बाजूला सरहद्दीवरच्या कॅम्पांत मिळेल ते हत्यार चालवायला शिकत होती. त्यांना शिकवणाऱ्यांची सेवापुस्तिका कुणी ठेवली नाही. सप्टेंबरात संस्थान विलीन झालं, आणि एनसीसी इकडे आली ती त्यानंतर, नवी कॉलेजं निघत गेली तशी.

त्या काळातली एक गोष्ट आज खरी वाटणार नाही. एनसीसीचा पहिला संचालक कर्नल हुद्द्याचा होता, आणि तोच पुढे 1973 मध्ये लष्करप्रमुख झाला. म्हणजे सुरुवातीला ही नेमणूक कुणाच्या बढतीच्या आड येत नव्हती. पलटणीतून शिकवायला येणारे सुभेदार-हवालदारही दुसऱ्या महायुद्धात भरती झालेल्या पिढीतले. कॉलेज नवं, इमारत अर्धवट, आणि मैदानावर कवायत घेणारा माणूस इटलीत किंवा ब्रह्मदेशात लढून आलेला, हे त्या दशकात नवलाचं नव्हतं.

हे चित्र पालटलं 1962 नंतर. चीनच्या युद्धानंतरच्या वर्षी, 1963 मध्ये, कॉलेजात शिकणाऱ्या मुलांना एनसीसी सक्तीची झाली. मराठवाड्याचं स्वतःचं विद्यापीठ तेव्हा जेमतेम पाच वर्षांचं होतं. या सक्तीबद्दल बोलताना सगळे विद्यार्थ्यांबद्दलच बोलतात: कोण पळायचं, कोण डॉक्टरचं सर्टिफिकेट आणायचं, गणवेशाची ढगळ हाफपँट कशी दिसायची. प्रशिक्षकांचं काय झालं याकडे फारसं कुणी पाहिलं नाही. त्याच सुमाराला सैन्याची संख्या सव्वाआठ लाखांपर्यंत न्यायचं ठरलेलं होतं, नव्या डोंगरी डिव्हिजन उभ्या राहत होत्या. चांगला हवालदार प्रत्येक नव्या पलटणीला हवा होता. तो नांदेडच्या मैदानावर बीएच्या पोरांकडून 'दहिने मुड' करून घ्यायला कोण मोकळा सोडणार? सक्तीने कॅडेट एका रात्रीत वाढवता येतात, उस्ताद, म्हणजे कवायत शिकवणारा हवालदार, वाढवता येत नाही. त्याला घडायलाच दहा-बारा वर्षं लागतात.

मग भार आला प्राध्यापकांवर. मराठीचा, इतिहासाचा, वनस्पतिशास्त्राचा अधिव्याख्याता अधिकाऱ्यांच्या शाळेत जाऊन लेफ्टनंट होऊन परतायचा. ही शाळा 1957 मध्ये पुरंदर किल्ल्यावर निघाली आणि लवकरच नागपूरजवळ कामठीला गेली. आजही आपल्याकडच्या एनसीसीवाल्या प्राध्यापकांच्या बोलण्यात 'कामठी करून आलो' हे पदवी मिळवल्यासारखं येतं. जवळपास तीन महिन्यांचा तो कोर्स. पहाटे पीटी, मग ड्रिल, नकाशावाचन, फायरिंग, आणि चाळिशीला टेकलेल्या माणसाला धावताना बघणारा विशीतला इन्स्ट्रक्टर. काही जण तिथे मनापासून रमले. काही जण प्राचार्यांनी नाव दिलं म्हणून गेले.

या लोकांच्या कमिशनचा गुंता तेव्हापासून आजतागायत सुटलेला नाही, म्हणून त्यावर थोडं थांबावं लागेल.

एनसीसीच्या कायद्यात केंद्र सरकारला विद्यापीठाच्या किंवा शाळेच्या अध्यापकांतून अधिकारी नेमण्याची मुभा आहे. त्याच कायद्यात असंही आहे की एनसीसीत असल्यामुळे कुणावर प्रत्यक्ष लष्करी सेवेची सक्ती येत नाही. कायदा मोडल्याची शिक्षा दंडाची, आणि तोही पन्नास रुपयांपर्यंतच. म्हणजे हे कमिशन लष्कराचं नाही, एनसीसीचं आहे. पण खुणा त्याच: लेफ्टनंटचे दोन तारे, कॅप्टनचे तीन, मेजरचा सिंह. फरक दाखवतात ती खांद्यावरची एनसीसी ही अक्षरं, आणि ती लांबून वाचता येत नाहीत. शाळेच्या शिक्षकाचं तसं होत नाही. त्याला थर्ड ऑफिसर, सेकंड ऑफिसर, फर्स्ट ऑफिसर, चीफ ऑफिसर अशी वेगळी शिडी आहे, त्यामुळे त्याला कुणी फौजी समजत नाही. गोंधळ कॉलेजवाल्यांचाच.

पूर्वी त्यांना पार्ट-टाइम ऑफिसर म्हणत. पुढे असोसिएट एनसीसी ऑफिसर, म्हणजे एएनओ, हे नाव आलं. नाव बदलल्याने हुद्दा बदलला नाही. लग्नपत्रिकेत, पुस्तक प्रकाशनाच्या बॅनरवर, पतसंस्थेच्या उमेदवार यादीत 'कॅप्टन प्रा. डॉ.' अशी तिहेरी बिरुदं लागतात, आणि मग गावातला एखादा निवृत्त सुभेदार ती वाचून मान हलवतो. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत सियाचिन, राजस्थान, ईशान्य भारत बघून आलेल्या माणसाला बरोबरीच्या वयाच्या प्राध्यापकाच्या नावाआधी कॅप्टन दिसलं की टोचणारच. त्याचं म्हणणं असं, की ज्याला लढाईवर पाठवताच येत नाही त्याने लढाईतल्या माणसाचा हुद्दा का मिरवावा?

प्राध्यापकांची बाजूही पोकळ नाही. कामठीचा कोर्स खोटा नाही, बढतीसाठी रिफ्रेशर करावाच लागतो, आणि शिबिरात पाचशे पोरांचा स्वयंपाक, पाणी, संडास, आजारपण हे सगळं तेच बघतात. कॅम्प अॅडज्युटंट म्हणून दहा दिवस कुणी काढून बघावेत. मानधन इतकं तुटपुंजं की पैशासाठी कुणी हे करत नाही. उरतो तो मान. तारा काढून घेतला तर कोण जाईल कामठीला?

माझं मत दोन्हींच्या मधलं नाही. हुद्दा गणवेशावर असावा, पत्रिकेवर नसावा. सरकारने मात्र साठ वर्षांत याचा स्वच्छ निकाल लावलेला नाही, कारण तारा देणं स्वस्त पडतं आणि पगारी प्रशिक्षक नेमणं महाग.

मैदानावर हा प्रश्न लोकांनी आपापसांत केव्हाच सोडवला आहे. प्राध्यापक लेफ्टनंट सुभेदाराला 'साहेब' म्हणतो, सुभेदार त्याला 'सर' म्हणतो. सीनियर कॅडेट रिपोर्ट देतो तो लेफ्टनंटला, 'परेड हाजिर है श्रीमान'. मग लेफ्टनंट दोन पावलं मागे सरतो आणि परेड हवालदाराच्या ताब्यात जाते. हवालदार रांगेतून चालत जातो, काही बोलत नाही. एखाद्याचा अंगठा पँटच्या शिलाईवरून सुटलेला असेल तर दोन बोटांनी नीट लावतो. टाचा जुळलेल्या, पंजे तीस अंशांत उघडलेले आहेत का हे तो खाली न बघताच ओळखतो. पोरांच्या तोंडी त्याचं नाव उस्ताद. सर हजेरी लावतात, फॉर्म भरून घेतात, सही करतात. शिकवतो तो उस्ताद.

या उस्तादांच्या नोकरीचं गणित वेगळं आहे. त्यांना कागदोपत्री पीआय, म्हणजे परमनंट इन्स्ट्रक्शनल, स्टाफ म्हणतात. पगार केंद्राचा, आपापल्या रेजिमेंटमधून दोन-तीन वर्षांसाठी पाठवलेले. फौजी भाषेत ही ईआरई, म्हणजे पलटणीबाहेरची नेमणूक. फील्डमधून आलेल्याला तो विसावा असतो: बायकापोरं जवळ, पोरीची दहावी एका गावात पूर्ण होते. मराठवाड्यातला माणूस असेल तर आणखी बरं, शेताकडेही नजर राहते. पण पलटणीपासून लांब राहिलं की बढतीच्या वेळी साहेबांच्या डोळ्यांसमोर दुसरा असतो, ही धास्तीही आहे. वर कर्नल, लेफ्टनंट कर्नल पातळीवर तर एनसीसी बटालियन म्हणजे निवृत्तीआधीचा शेवटचा थांबा, असाच समज फौजेत पसरलेला आहे. त्यातले काही जण उरलेली वर्षं मोजतात. काही जणांनी मात्र त्याच दोन वर्षांत खेड्यातल्या पोरांना दिल्लीच्या प्रजासत्ताक दिन शिबिरापर्यंत नेलं आहे. पहिल्या संचालकाच्या काळापासून इथपर्यंतची घसरण एका निर्णयाने झालेली नाही, पण सक्तीच्या पाच वर्षांनी तिला जोर दिला यात मला शंका नाही. संख्या फुगली की कामाची किंमत उतरते.

सक्ती 1968 मध्ये उठली. पुढच्या वर्षी गांधी जन्मशताब्दीच्या निमित्ताने एनएसएस आलं आणि पोरांना पर्याय मिळाला. कॅडेट ओसरले, पण सक्तीच्या दिवसांत घेतलेल्या अधिकाऱ्यांचं काय करायचं हा प्रश्न मागे उरला. प्राध्यापक आपल्या वर्गात परतले. त्यांना दुसरी नोकरी होती. एनसीसीनेच पूर्णवेळ नोकरीवर घेतलेल्या अधिकाऱ्यांना परतायला जागा नव्हती.

मुलींच्या बाजूला गुंता आणखी निराळा. मुलींचा विभाग 1949 पासून आहे, पण नियमित सैन्यात बायकांना वैद्यकीय आणि परिचारिका सेवेपलीकडे 1992 पर्यंत प्रवेशच नव्हता. त्यामुळे मुलींना शिकवायला पलटणीतून बाई येणं शक्यच नव्हतं. एनसीसीने स्वतःच्या पूर्णवेळ महिला अधिकारी आणि गर्ल कॅडेट इन्स्ट्रक्टर नेमल्या. गणवेश फौजी, नोकरी एनसीसीची. औरंगाबादच्या मुलींच्या बटालियनमधून बाहेर पडलेल्या पोरी आज पोलिसात आणि निमलष्करी दलांत आहेत. त्यांच्या आयांच्या पिढीने उस्ताद म्हणून जी बाई पाहिली, तिला स्वतःला सैन्यात जायची वाट नव्हती.

गेल्या काही वर्षांत गोष्टी भराभर घडल्या. 2019 पासून निमलष्करी भरतीत एनसीसीच्या सी प्रमाणपत्राला 5 टक्के, बी ला 3 आणि ए ला 2 टक्के जादा गुण मिळू लागले. 2020 च्या स्वातंत्र्यदिनी एक लाख नवे कॅडेट घ्यायची घोषणा झाली, पण ती 173 सीमावर्ती आणि किनारी जिल्ह्यांसाठी. मराठवाड्याला ना समुद्र ना आंतरराष्ट्रीय सीमा, त्यामुळे आठही जिल्हे बाहेर. 2021 मध्ये एनसीसी हा पदवीत निवडता येणारा विषय झाला, सहा सत्रांत 24 क्रेडिटचा. कॉलेजने स्वतःच्या खर्चाने युनिट चालवायची योजनाही आहे.

क्रेडिट आले म्हणजे शिकवणारा नेमका कोण हे पुन्हा महत्त्वाचं झालं. जिथे कामठी केलेला एएनओ नाही तिथे केअर टेकर ऑफिसर, म्हणजे सीटीओ, काम बघतो. त्याला कमिशन नाही, तारा नाही, गणवेशही नाही. आपल्याकडे प्राध्यापकांच्या भरतीचं जे झालं आहे ते सगळ्यांना माहीत आहे. कायम माणूस निवृत्त होतो, जागा रिकामी राहते, तासिका तत्त्वावर एखादा पोरगा येतो. त्याला तीन महिने कामठीला पाठवायचं तर त्या महिन्यांचं मानधन कोण देणार? म्हणून सीटीओ. दोन वर्षांसाठी म्हणून आलेली ही सोय कॉलेजात मुक्काम ठोकून बसते.

निवृत्त सैनिक प्रशिक्षक म्हणून येणार ते या पोकळीत. मराठवाड्यात अशा माणसांचा तुटवडा नाही. पस्तिशी-चाळिशीत पेन्शन घेऊन परतलेला हवालदार आज बँकेच्या दारात किंवा साखर कारखान्याच्या गेटवर बारा बोअरची बंदूक घेऊन बसलेला दिसतो. ड्रिल आणि हत्यारं शिकवायला त्याच्याइतका तयार माणूस तालुक्यात दुसरा नाही. त्याला घ्यायचं तर त्याच्या पगाराचा आकडा गेटवरच्या पगारापेक्षा वर असावा लागेल, आणि तारा असलेल्या किंवा नसलेल्या प्राध्यापकापुढे तो मैदानावर कोण म्हणून उभा राहणार, हे नेमणुकीच्या आदेशातच लिहावं लागेल. 1963 मध्ये ते लिहायचं राहिलं होतं.